अक्षरतुलना, संगणकीय

संगणकात साठविलेल्या दोन अक्षरमालिका सारख्या आहेत की भिन्न, भिन्न असल्यास त्यांपैकी कोणती आधी व कोणती नंतर येते आणि एक मालिका दुसरीत कोठे आढळते, हे ठरविण्याच्या क्रियेस संगणकीय अक्षरतुलना असे म्हणतात. नावांच्या याद्या लावणे, खातेदाराची नोंद शोधणे, एकच नोंद दोनदा होऊ न देणे, आलेल्या संदेशाच्या ओळी सुट्या करणे ही सर्व कामे या एका क्रियेवर उभी असतात. क्रिया इतकी प्राथमिक वाटते की, बेरजेप्रमाणे तिचेही उत्तर कायमचे ठरलेले असणार, असे आज्ञावली लिहिणारे बहुधा गृहीत धरतात. वस्तुस्थिती तशी नाही. दोन शब्दांच्या तुलनेचे उत्तर आज्ञावलीतील एकही ओळ न बदलता केवळ तिच्याखालील प्रणालीची आवृत्ती बदलल्यामुळे पालटू शकते आणि तसे ते वेळोवेळी पालटलेही आहे. २०१८ मध्ये लिनक्सवर व २०२० मध्ये ‘डॉट नेट’ या आज्ञावली-चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) झालेले बदल ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत. त्यांचा उगम मात्र बराच मागे, संगणकाने अक्षरे हाताळण्यास सुरुवात केली त्या काळात सापडतो.

सांकेतिक क्रम : संगणकाच्या स्मृतीत अक्षर नसते, अक्षरासाठी ठरविलेला अंक असतो. त्यास संकेतांक म्हणतात. अमेरिकन स्टँडर्ड्स ॲसोसिएशनने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व १९६७ मध्ये सुधारलेल्या ‘आस्की’ या संकेतावलीत १२८ संकेतांक आहेत. तीत ० ते ९ या अंकचिन्हांना ४८ ते ५७, मोठ्या रोमन अक्षरांना ६५ ते ९० व लहान अक्षरांना ९७ ते १२२ हे संकेतांक दिलेले आहेत. दोन शब्दांची तुलना करावयाची म्हणजे डावीकडून एकेक संकेतांक ताडून पाहावयाचा व जेथे फरक पडेल तेथे लहान संकेतांकाचा शब्द आधी मानावयाचा. ही सांकेतिक तुलना जलद होते व तिचे उत्तर निश्चित असते. तथापि तिच्या हिशेबी मोठ्या लिपीतील शेवटचे अक्षर लहान लिपीतील पहिल्या अक्षराच्या आधी येते. कोशात असा क्रम कोणी लावणार नाही.

हा क्रमही सर्वत्र एक नव्हता. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालेत ‘एब्सिडिक’ ही वेगळी संकेतावली होती. तीत लहान अक्षरे आधी, मोठी त्यानंतर व अंकचिन्हे सर्वांत शेवटी येतात. म्हणजे आस्कीच्या जवळजवळ उलट. एका यंत्रावर अंकाने सुरू होणारे मालाचे क्रमांक यादीच्या शेवटी येत, तेच दुसऱ्या यंत्रावर यादीच्या आरंभी येत. अशा क्रमाने लावलेल्या दोन फितींतील नोंदी एकत्र करणारी आज्ञावली नव्या यंत्रावर नेली की, ती नोंदी गाळू लागे. कारण फीत पुढे सरकल्यावर मागे पाहावयाचे नाही, हेच त्या पद्धतीचे मूलतत्त्व असे. ‘कोबोल’ या व्यापारी कामकाजाच्या भाषेच्या १९७४ च्या मानकात आज्ञावलीपुरता क्रम घोषित करण्याची सोय झाली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. आपणांस कोणता क्रम अभिप्रेत आहे, हे लेखकानेच सांगावे, हा विचार तेथे स्पष्टपणे मांडलेला आढळतो. पुढील पिढीतील कित्येक प्रणालींना त्याचा विसर पडला.

भाषिक क्रम : कोशाचा किंवा दूरध्वनी-सूचीचा क्रम संकेतांकांवरून लागत नाही. तेथे प्रथम मूळ अक्षरांचा क्रम पाहतात. ती सर्व समान निघाल्यास स्वरचिन्हे किंवा बिंदू यांसारखे फरक पाहतात आणि तेही समान असल्यास लहान-मोठ्या लिपीचा भेद विचारात घेतात. ही पायऱ्यापायऱ्यांची पद्धत कोशकारांना पूर्वापार ठाऊक होती. संगणकासाठी ती नियमबद्ध करण्याचे काम १९८० नंतरच्या दशकात सुरू झाले व युनिकोड संघटनेची अनुक्रम-पद्धती आणि आयएसओ १४६५१ हे आंतरराष्ट्रीय मानक ही त्याची फलिते होत. दोहोंत प्रत्येक चिन्हाला पायरीनिहाय भार दिलेला असतो. काही चिन्हांचा भार सर्व पायऱ्यांवर शून्य असतो. तुलनेच्या दृष्टीने अशी चिन्हे मजकुरात नसल्यासारखीच होत. पुढील हकीकतीत या शून्यभार चिन्हांना बरेच महत्त्व आहे.

‘सी’ या भाषेच्या १९८९ च्या अमेरिकन मानकात सांकेतिक तुलनेसाठी एक व भाषिक तुलनेसाठी दुसरी अशा दोन वेगळ्या नावांच्या क्रिया ठेवलेल्या होत्या. ‘जावा’ या भाषेतही अक्षरमालिकेची साधी तुलना सांकेतिकच असून भाषिक तुलनेसाठी स्वतंत्र साधन मुद्दाम मागवावे लागते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डॉट नेट’ या चौकटीत मात्र दोन्ही अर्थ एकाच कुटुंबातील क्रियांमध्ये मिसळले गेले. तेथे समानता-चिन्हाने केलेली तुलना सांकेतिक होते, तर आधी-नंतर ठरविणारी तुलना भाषिक होते. एक मालिका दुसरीत ‘आहे काय’ हा प्रश्न सांकेतिक अर्थाने सोडविला जातो, तर ती ‘कोठे आहे’ हा प्रश्न भाषिक अर्थाने सोडविला जातो. शोधावयाचे एकच अक्षर असून ते अक्षर म्हणून दिले तर शोध सांकेतिक होतो, तेच एका अक्षराची मालिका म्हणून दिले तर भाषिक होतो. अनुभवी आज्ञावलीकारांनाही ही वाटणी पाठ नसते, यात नवल नाही. उत्तरे दोन्ही बाजूंनी जुळत होती तोपर्यंत कोणाला ती पाठ करण्याची गरजही भासली नाही.

मराठीतील स्थिती : दोन अर्थांतील अंतर रोमन लिपीपेक्षा देवनागरीत अधिक ठळकपणे दिसते. १९९१ च्या युनिकोडमधील देवनागरीचा विभाग ‘इस्की’ या भारतीय संकेतावलीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. त्यात ळ या अक्षराचा संकेतांक ल च्या लगेच नंतर, व च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत मात्र ळ हा ह नंतर म्हटला जातो व त्यापुढे क्ष आणि ज्ञ येतात. त्यामुळे काल, काळ, काव, कास असा सांकेतिक क्रम लागतो, तर मराठी वर्णमालेप्रमाणे तो काल, काव, कास, काळ असा लागावयास हवा. क्ष व ज्ञ यांना तर स्वतंत्र संकेतांकच नाहीत. ती जोडाक्षरे असल्यामुळे संकेतांकांच्या हिशेबी ती क व ज यांच्या पोटात जातात. मराठी क्रम हवा असेल, तर सर्वसाधारण कोष्टकावर मराठीपुरते अपवाद-नियम चढवावे लागतात.

यापेक्षा अवघड प्रश्न एकाच दृश्य अक्षराच्या अनेक संकेतलेखनांचा आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील ऱ हा स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येतो किंवा र व त्याखाली नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. युनिकोडने ही दोन लेखने एकमेकांशी समतुल्य म्हणून जाहीर केली आहेत. तिसरी रीत जुन्या टंकलेखनसाधनांतून रूढ झाली आहे. तीत र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक लिहितात. पडद्यावर अथवा कागदावर तिन्ही सारखीच दिसतात. परंतु अदृश्य जोडक हे वर सांगितलेल्या शून्यभार चिन्हांपैकी आहे. भाषिक तुलनेत ते गळून पडते व त्या रीतीने लिहिलेला ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’ या शब्दाशी तंतोतंत सारखा ठरतो. म्हणजे डोंगरांमधील दऱ्या आणि समुद्र यांत संगणकाला भेद उरत नाही. उलट पहिल्या रीतीने लिहिलेला ‘दऱ्या’ हा नुक्त्यामुळे दुसऱ्या पायरीवर वेगळा राहतो. एकाच यादीत ‘आचाऱ्यास’ दिलेली रक्कम ‘आचार्यास’ दिल्याची नोंद सापडू शकेल, हा केवळ विनोद नव्हे. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच कथा आहे. त्यास स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वी ते अ वर चंद्र देऊन लिहीत. ही दोन लेखने समतुल्य म्हणून जाहीर झालेली नाहीत. परिणामी त्या सालापूर्वी व नंतर भरलेल्या याद्यांत एकच व्यवसायनाम दोन वेगळे शब्द म्हणून नांदत असते.

नियमच बदलतात तेव्हा : भाषिक क्रम हा समाजाचा संकेत आहे आणि संकेत बदलतात. स्पॅनिशमध्ये ‘सी-एच’ व ‘एल-एल’ ही जोडाक्षरे १८०३ पासून स्वतंत्र वर्ण म्हणून कोशात लावली जात. १९९४ मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादमींच्या संघाने ती सुट्या अक्षरांप्रमाणे लावावीत, असे ठरविले. स्वीडिशमध्ये ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ ही अक्षरे एकत्र लावण्याची प्रथा होती. स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीच्या तेराव्या आवृत्तीने (२००६) ती वेगळी केली. तुर्की भाषेने १९२८ मध्ये रोमन लिपी स्वीकारताना ‘आय’ या अक्षराचे टिंबासहित व टिंबरहित असे दोन वर्ण केले. त्यामुळे टिंबासहित लहान अक्षराचे मोठे रूपही टिंबासहितच असते. इंग्रजीत लिहिलेला ‘फाइल’ हा शब्द लहान व मोठ्या अक्षरांत एकच आहे, असे गृहीत धरून लिहिलेली आज्ञावली तुर्की मांडणीच्या संगणकावर ‘हे दोन शब्द भिन्न आहेत’ असे उत्तर देते आणि तिच्या नियमांनुसार ते बरोबरच असते.

युनिकोड संघटनेची भूमिका या बाबतीत ध्यानात घेण्यासारखी आहे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून एकदा दिलेला संकेतांक हलविला वा काढून घेतला जात नाही. त्याच आवृत्तीत कोरियन हांगुल अक्षरे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेली गेली, तेवढा अखेरचा मोठा अपवाद. अनुक्रमाच्या कोष्टकाबद्दल मात्र अशी हमी देण्यात आलेली नाही. नवी चिन्हे येतात, जुन्या चुका दुरुस्त होतात, एखाद्या भाषिक समाजाची सूचना मान्य होते आणि कोष्टक बदलते.

डॉट नेटमधील बदल : विंडोजवरील डॉट नेट प्रारंभापासून भाषिक तुलनेसाठी विंडोजच्याच ‘एनएलएस’ या यंत्रणेचा आधार घेत असे. २०१६ मध्ये ‘डॉट नेट कोअर’ ही आवृत्ती लिनक्स व मॅक-ओएस यांवरही उपलब्ध झाली. तेथे एनएलएस नसल्यामुळे ‘आयसीयू’ हा आज्ञासंच वापरण्यात आला. आयसीयूचा उगम टॅलिजंट या कंपनीत झाला. त्यातील काम १९९७ च्या जावाच्या आवृत्तीत उतरले, १९९९ मध्ये आयबीएमने त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली व २०१६ मध्ये त्याची व्यवस्था युनिकोड संघटनेकडे गेली. विंडोज १० च्या मे २०१९ मधील आवृत्तीपासून आयसीयू विंडोजमध्येही एकसंध रूपात अंतर्भूत झाला. आता सर्व यंत्रांवर एकच तुलना करता येईल, या विचाराने १० नोव्हेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘डॉट नेट ५’ ने विंडोजवरही एनएलएस सोडून आयसीयू स्वीकारला. हेतू स्तुत्य होता. एकच आज्ञावली दोन यंत्रांवर दोन उत्तरे देत असे, ते थांबवावयाचे होते.

परिणाम मात्र एका अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या ठिकाणी प्रगट झाला. दूरमुद्रकाच्या काळापासून ओळ संपविण्यासाठी दोन आज्ञाचिन्हे वापरली जात. मुद्रणशीर्ष डावीकडे नेणारे एक (संकेतांक १३) व कागद एक ओळ वर सरकविणारे दुसरे (संकेतांक १०). युनिक्सने यांपैकी केवळ दुसरे ठेवले. एमएस-डॉस व त्यापाठोपाठ विंडोज यांनी दोन्ही ठेवली. इंटरनेटवरील टपालाचे संदेशही ओळीच्या शेवटी दोन्ही चिन्हे घालतात. अशा मजकुरातून ओळी वेगळ्या काढावयाच्या, तर दुसरे चिन्ह शोधावयाचे व तेथे तोडावयाचे, ही सर्वत्र रूढ असलेली रीत होय. इंग्रजी ‘हॅलो’ या पाच अक्षरांच्या शब्दापुढे ही दोन चिन्हे व नंतर आणखी मजकूर असेल, तर दुसरे चिन्ह शून्यापासून मोजता सहाव्या स्थानी असते. एनएलएसवर आधारित डॉट नेट ते ‘६’ असेच सांगत असे. आयसीयूवर आधारित डॉट नेट ५ ने ‘उणे १’, म्हणजे ‘आढळले नाही’, असे सांगितले.

हे उत्तर दोषातून आलेले नसून नियमातून आलेले आहे, हे येथे विशेष. वाचकाला एकसंध वाटणारा संकेतांकांचा गट मध्ये तोडू नये, असा युनिकोडचा नियम आहे. अक्षर व त्यावरील चिन्ह यांची ताटातूट होऊ नये हा त्याचा मुख्य उद्देश. ‘कि’ या अक्षरात ‘क’ शोधणाऱ्याला अर्धे अक्षर हाती लागू नये, अशी ही काळजी होय. त्याच नियमाच्या आरंभीच १३ व १० या जोडीचाही समावेश आहे. भाषिक शोधाच्या दृष्टीने ही जोडी एकच घटक ठरते आणि घटकाच्या मध्यभागी सुरू होणारे साम्य ग्राह्य धरले जात नाही. त्यात भर अशी की, ते चिन्ह मजकुरात ‘आहे काय’ असे विचारल्यास तीच प्रणाली ‘आहे’ असे सांगे, कारण तो प्रश्न सांकेतिक अर्थाने सोडविला जातो. ‘आहे’ म्हणावयाचे व ‘कोठे’ विचारल्यावर ‘नाही’ म्हणावयाचे, असा हा प्रकार झाला. आलेल्या ‘उणे १’ चा अर्थ प्रत्येक आज्ञावलीने आपापल्या परीने लावला. कोठे संपूर्ण संदेश एकच ओळ समजला जावा, कोठे शीर्षके रिकामी राहावीत, कोठे उणे स्थानापासून मजकूर कापण्याच्या प्रयत्नात आज्ञावली बंद पडावी, असे तीन प्रकार संभवत होते. तिसरा सर्वांत सौम्य म्हणावा लागेल. निदान तो लक्षात येतो.

यादीच्या क्रमातही फरक पडला. एनएलएसच्या पद्धतीत शब्दातील संयोगचिन्हाला व लोपचिन्हाला नाममात्र भार असे. त्यामुळे संयोगचिन्ह असलेले व नसलेले एकाच शब्दाचे लेखन जवळजवळ येई. आयसीयूच्या नित्य मांडणीत संयोगचिन्ह हे पूर्ण भाराचे असून ते सर्व अक्षरांच्या आधी येते व त्यामुळे असे दोन शब्द यादीत दूर जातात.

वस्तुतः हे वर्तन नवे नव्हते. लिनक्सवरील डॉट नेट २०१६ पासून असेच वागत होते. विंडोजवर काम करणाऱ्यांना ते दिसले नव्हते इतकेच. मायक्रोसॉफ्टने आपल्या मार्गदर्शक लेखात वरील उदाहरण देऊन बदलाची वाच्यता केली, जुन्या एनएलएसकडे परत जाण्याची कळ ठेवली आणि आज्ञावलीसोबत आयसीयूची विशिष्ट आवृत्ती बाळगण्याची सोयही केली. ‘कोठे आहे’ या प्रश्नाचा न सांगता गृहीत धरला जाणारा अर्थ मात्र भाषिकच राहिला. तो बदलला असता, तर जुन्या आज्ञावलींचा दुसरा एखादा वर्ग मोडला असता. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ चूक २०२० मधील नसून २००२ मधील आहे. यंत्रांसाठी असलेला मजकूर आणि माणसांसाठी असलेला मजकूर यांना एकच क्रिया देण्यात आली व तिचा नित्य अर्थ माणसांच्या बाजूने ठरविण्यात आला. ओळ संपविणारे चिन्ह शोधणाऱ्याला कोणत्याही भाषेचे नियम नको असतात. त्याला फक्त १० हा अंक हवा असतो.

साठविलेल्या क्रमावरील परिणाम : डॉट नेटमधील बदलाने चालू तुलना बिघडल्या. त्याच्या दोन वर्षे आधी लिनक्सवर झालेल्या बदलाने पूर्वी केलेल्या तुलना बिघडल्या आणि हा प्रकार अधिक घातक ठरला. मोठ्या विदासंचात नोंद शोधण्यासाठी निर्देशसूची ठेवलेली असते. तिची रचना बहुधा रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बी-ट्री’ या वृक्षरचनेवर आधारलेली असते. प्रत्येक फाट्यावर हवा असलेला शब्द तेथील शब्दाच्या आधी येतो की नंतर, एवढेच पाहून एका बाजूस वळावयाचे व दुसरी बाजू कायमची सोडून द्यावयाची. लाखो नोंदींत थोड्याच पायऱ्यांत शोध लागतो तो यामुळे. सूची भरताना लावलेला क्रम व शोधताना लावलेला क्रम एकच असावा, एवढी एकच अट तिला आहे.

लिनक्सच्या बहुतेक वितरणांत भाषिक तुलना ‘जीलिबसी’ या मूलभूत आज्ञासंचाकडून होते. १ ऑगस्ट २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या २.२८ या आवृत्तीत अनुक्रमाची कोष्टके आयएसओ १४६५१ च्या २०१६ मधील आवृत्तीप्रमाणे नव्याने करण्यात आली. पूर्वीची कोष्टके अनेक वर्षे जुनी होती व हजारो चिन्हांना त्यांत स्थानच नव्हते. तेव्हा हा बदल आवश्यकच होता. पण त्याबरोबर विरामचिन्हांचे भारही बदलले. अमेरिकन इंग्रजीच्या मांडणीत ‘११’ व ‘१-१’ या दोन मालिका इंग्रजी अंकचिन्हांत लिहून लावल्या असता, जुन्या आवृत्तीत ‘११’ आधी येई, नव्या आवृत्तीत ‘१-१’ आधी येते. एवढ्या एका कसोटीवरून यंत्रावर कोणता क्रम चालू आहे, हे ओळखता येते.

‘पोस्टग्रेस-क्यूएल’ या विदासंच-प्रणालीला या बदलाची झळ विशेष लागली. ती क्रम ठरविण्याचे काम जीलिबसीवर सोपवीत असे व सूची मात्र स्वतः चकतीवर साठवीत असे. रेड हॅटच्या व्यापारी लिनक्सची आठवी आवृत्ती आणि डेबियनची दहावी आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यांबरोबर नवा क्रम सेवासंगणकांवर पोहोचला. परिचालन प्रणाली अद्ययावत केली, विदासंच जसाच्या तसा ठेवला, एकही नोंद हलविली नाही आणि तरीही काही नोंदी सापडेनाशा झाल्या, अशी ही स्थिती होय. नोंद चकतीवर असते. परंतु शोध एखाद्या फाट्यावर चुकीच्या बाजूस वळतो व ‘अशी नोंद नाही’ असे सांगून थांबतो. नोंद नाही असे ठरल्यावर तीच नोंद पुन्हा भरू दिली जाते आणि ‘एक नाव एकदाच’ ही हमी कोणताही दोषसंदेश न येता मोडते. मूळ विदासंच जुन्या प्रणालीवर व त्याची प्रतिकृती नव्या प्रणालीवर ठेवणाऱ्यांना तर एकाच सूचीची दोन वाचने मिळत. मूळ ठिकाणी सापडणारा खातेदार प्रतिकृतीत नसे. ज्या वेळी मूळ यंत्र बंद पडून प्रतिकृतीवर विसंबावयाचे, नेमकी त्याच वेळी ही गोष्ट उघड होण्याची शक्यता अधिक.

उपाय सरळ आहे : आवृत्ती बदलल्यावर मजकुराच्या सर्व सूची नव्याने बांधावयाच्या. त्यासाठी लागणारा वेळ व त्या काळात सेवा थांबविण्याची अडचण ही निराळी. मात्र बदल झाला आहे हे ठाऊक असेल तरच हा उपाय योजिला जाणार. पोस्टग्रेस-क्यूएलच्या दहाव्या आवृत्तीत (२०१७) आयसीयूचे अनुक्रम वापरण्याची सोय झाली व त्यांबरोबर आवृत्ती-क्रमांकही नोंदविला जाऊ लागला. तो जुळला नाही, तर प्रणाली तशी सूचना देते. सतराव्या आवृत्तीत (२०२४) प्रणालीच्या अंगचाच, बाहेरील कोणत्याही आज्ञासंचावर न विसंबणारा सांकेतिक क्रम उपलब्ध झाला. संकेतांकांपासून दूर जाऊन भाषेकडे वळलेला हा प्रवास साठवणीपुरता पुन्हा संकेतांकांपाशी आला आहे. सूची सांकेतिक क्रमाने साठवावी व वाचकास दाखविण्याच्या यादीपुरता भाषिक क्रम आयत्या वेळी लावावा, ही वाटणी त्यामुळे सुकर झाली.

‘मायएसक्यूएल’ या प्रणालीतील बदल निराळ्या प्रकारचा होता. ही प्रणाली स्वीडनमधील कंपनीने तयार केलेली असल्यामुळे तिचा नित्य क्रम दीर्घकाळ स्वीडिश होता. जगभरच्या याद्या नकळत स्वीडिश नियमांनी लागत होत्या. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीने युनिकोडच्या नवव्या आवृत्तीवर आधारित क्रम नित्य केला. पूर्वीच्या क्रमांत शब्दाच्या शेवटच्या मोकळ्या जागा तुलनेत दुर्लक्षिल्या जात. नव्यात त्या मोजल्या जातात. ज्या नावापुढे टंकलेखकाच्या हातून एखादी मोकळी जागा राहून गेली होती, ते नाव नव्या क्रमाच्या तक्त्यात भरले की मोकळी जागा नसलेल्या नावाहून वेगळे ठरते. कालदर्शक मजकुराच्या बाबतीतही असाच एक प्रसंग घडला. ऑक्टोबर २०२२ मधील ‘सीएलडीआर’ या भाषाविषयक माहितीकोशाच्या ४२ व्या आवृत्तीने इंग्रजी वेळेतील अंक व पूर्वाह्न-अपराह्नाची अक्षरे यांमधील साध्या मोकळ्या जागेऐवजी अरुंद, न तुटणारी मोकळी जागा घातली. मार्च २०२३ मध्ये ती जावाच्या विसाव्या आवृत्तीत उतरली आणि डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन वेळा संगणकाला भिन्न दिसू लागल्या.

प्रतिबंधक रीती : प्रत्येक तुलनेच्या वेळी ती सांकेतिक की भाषिक, हे आज्ञावलीत उघडपणे लिहावे, ही शिफारस डॉट नेटमध्ये २००५ पासून करता येण्याजोगी आहे. त्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत सांकेतिक अर्थ स्पष्टपणे मागण्याची सोय झाली. तो न लिहिणाऱ्या ओळी दाखवून देणारे परीक्षक-नियमही पुढे चौकटीसोबत मिळू लागले. नवी आवृत्ती घेण्यापूर्वी ते चालविले असता धोक्याच्या बहुतेक जागा सापडतात. मार्गखुणा, फाइलींची नावे, संदेशांची शीर्षके, अंतर्गत परिचयक्रमांक यांसाठी सांकेतिक तुलना व वाचकांसाठीच्या याद्यांना भाषिक तुलना, अशी वाटणी आता सर्वमान्य आहे.

व्यक्तिनामे मात्र या वाटणीत नीट बसत नाहीत. ती परिचयासाठीही असतात व वाचण्यासाठीही. मराठी नावांच्या बाबतीत केवळ सांकेतिक तुलना ठेवल्यास एकाच आडनावातील ऱ ची तीन लेखने तीन माणसे निर्माण करतात. केवळ भाषिक तुलना ठेवल्यास अदृश्य जोडकाने लिहिलेला ऱ्य आणि र्य एक होतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या पद्धतीने नोंद भरतानाच मजकूर एकरूप केला, तर र व नुक्ता यांचा जोड स्वतंत्र ऱ मध्ये परिवर्तित होतो, परंतु अदृश्य जोडकाचे लेखन तसेच राहते आणि ‘ॲ’ ची दोन रूपेही तशीच राहतात. त्यांसाठी नोंद स्वीकारण्यापूर्वी चालणारा स्वतंत्र रूपांतर-नियम लिहावा लागतो व आधी साठविलेल्या नोंदींवरून तो एकदा फिरवून घ्यावा लागतो. त्यानंतर सूची पुन्हा बांधाव्या लागतात.